लँडलाइन जातेय, ५जी येतंय: कारखानदाराने काय तपासावं, आणि कायदा कुणावर काय टाकतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे, साखर पेठेत जुनं ऑफिस आहे. टेलिफोन कंपनीने तांब्याची लँडलाइन बंद करून फायबर घ्यायला सांगितलंय. एक विक्रेता कारखान्यात ‘स्वतःचं ५जी’ बसवून देतो म्हणतोय. त्यात युरोपातल्या खरेदीदाराने सायबर सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवलीय. तर ५जी सुरक्षित आहे का, सरकारचे कोणते नियम आम्हाला लागतात, आणि आत्ता बदलावं की थांबावं?

मी सुरुवात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, पुढे मोबाइल कंपन्यांच्या टॉवरवर आणि कोअर नेटवर्कवर काम केलं, आणि आता सोलापूर-पुणे पट्ट्यातल्या कारखान्यांची नेटवर्कं बघतो. आधी थेट उत्तर देतो. तंत्र म्हणून ५जी आधीच्या सगळ्या पिढ्यांपेक्षा सुरक्षित आहे. धोका मधल्या काळात आहे. जुनं पूर्ण गेलेलं नाही, नवं पूर्ण आलेलं नाही, आणि दोन्ही एकमेकांना जोडून चालवली जातायत. चोर बहुतेक वेळा या सांध्यातून शिरतो, आणि सेवा बंद पडते तीही इथेच. म्हणून ५जी घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी तुमच्या कारखान्यात जुन्या नेटवर्कवर काय काय लटकलंय त्याची यादी करा. ही यादी कुणाकडेच नसते.

सुरुवात लँडलाइनपासून करू, कारण तुमच्याकडे तारीख तिचीच आलीय.

तांब्याच्या जोडीतून एक्स्चेंज स्वतः ४८ व्होल्ट डीसी पुरवतं. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असते, मागे जनरेटर असतो. त्यामुळे अख्ख्या पेठेत लाइट गेली तरी जुना फोन वाजायचा. फायबरमधून फक्त प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवर जो पांढरा डबा बसवतात तो तुमच्या प्लगवर चालतो. लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेल्यावर आपल्याकडे डीपी कसे उडतात हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे आग लागण्याची शक्यता जेव्हा सगळ्यात जास्त, नेमका तेव्हाच फोन मुका. उपाय स्वस्त आहे: फायबरचा डबा आणि राउटर या दोघांना मिळून एक छोटा १२ व्होल्टचा यूपीएस. पण तो फायबर जोडतानाच बसवून घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलं की राहून जातं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या फायर अलार्मच्या पॅनेलमध्ये बहुधा एक डायलर कार्ड आहे. धूर आला की ते लँडलाइन उचलतं, ठरलेले नंबर फिरवतं आणि सूर किंवा रेकॉर्ड केलेला निरोप पाठवतं. ही कार्डं तांब्याच्या लाइनसाठी बनलेली आहेत. फायबरवर आवाजाचे तुकडे करून ते पाकिटांतून पाठवले जातात. माणसाच्या बोलण्याला त्याने काही होत नाही, पण मशिनचे सूर त्यात बिघडू शकतात. फॅक्सचंही तेच. पॅनेलवर हिरवा दिवा दिसतो, लाइनला डायल टोन मिळतो, आणि खऱ्या वेळी निरोप पोहोचत नाही. त्यामुळे फायबर बसवून झाल्यावर कामगार घरी गेल्यावर एकदा अलार्म खरोखर वाजवून बघा, आणि तोही मेन स्विच खाली पाडून. समोर फायबरवाला आणि अलार्मवाला दोघंही उभे हवेत, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतील. लिफ्टमधला आणीबाणीचा फोन आणि बॉयलरचा अलार्म यांनाही हीच परीक्षा.

तिसरी गोष्ट ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या एक्स्टेन्शन जोडणाऱ्या छोट्या एक्स्चेंजची. लँडलाइन गेल्यावर तुम्हाला एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून चालणारी फोन लाइन, देतील. जुन्या ईपीएबीएक्सपर्यंत चोराला इंटरनेटवरून पोहोचता येत नव्हतं. नवा इंटरनेटला जोडलेला असतो, आणि असे उघडे ईपीएबीएक्स शोधत फिरणारे प्रोग्रॅम जगभर रात्रंदिवस चालू असतात. पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवला असेल तर शनिवारी रात्री तुमच्या लाइनवरून परदेशी महागड्या नंबरांवर कॉल सुरू होतात आणि सोमवारी बिल दिसतं. याहून वाईट म्हणजे तुमच्या यंत्रातून परदेशी कॉल आत वळवून ते स्थानिक म्हणून सोडले जाऊ शकतात. हे बेकायदा आहे, आणि पोलीस सगळ्यात आधी ज्याच्या पत्त्यावर लाइन आहे त्याच्याकडे येतात. म्हणून परदेशी कॉल लागत नसतील तर लेखी अर्ज देऊन बंद करून घ्या. लागत असतील तर रकमेची मर्यादा घाला. आणि ईपीएबीएक्सने फक्त तुमच्या टेलिफोन कंपनीच्या ठरावीक आयपी पत्त्यांशीच बोलावं अशी सेटिंग बसवणाऱ्याकडून करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता २जी. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर सगळ्यांकडे ४जी फोन आहेत. फोन असतील, पण सिम फोनबाहेरही असतात. ऑफिसमधलं जुनं कार्ड स्वाइप मशिन, टेम्पोवरचा जीपीएस, डिझेल जनरेटरचा निरोप देणारा डबा, आणि गावाकडे शेती असेल तर विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर. आपल्या जिल्ह्यात मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूर कुठेही जा, मोटारीच्या पेटीत सिम घातलेला स्टार्टर दिसेल. घरून मिस्ड कॉल दिला की मोटर चालू. रात्रीच्या लाइटीसाठी बांधावर जाणाऱ्या माणसाचा जीव त्याने वाचतो, त्याची किंमत मला कळते. पण त्यातले जुने स्टार्टर २जीवर चालतात, आणि फोन कुणाचा आला हे फक्त दिसणाऱ्या नंबरावरून ओळखतात. तो नंबर खोटा दाखवता येतो.

२जीचा मूळ दोष असा की त्यात नेटवर्क सिमची ओळख तपासतं, पण सिम नेटवर्कची ओळख तपासत नाही. कुणीही खोटा टॉवर उभा केला तर फोन मुकाट्याने त्याला जोडला जातो. त्यातली जुनी ए५/१ ही गुप्तलिपी २००९ सालीच जर्मन संशोधक कार्स्टन नोल यांनी मोडता येते असं जाहीर दाखवून दिलं होतं. आता गुन्हेगार गाडीत छोटा खोटा टॉवर ठेवून फिरतात. ४जीचा सिग्नल दाबून फोनला २जीवर उतरवतात आणि बँकेच्या नावाने एसएमएस सोडतात. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये असं यंत्र वापरणारे पकडले गेले. असा मेसेज मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमधून येतच नाही, म्हणून आपल्याकडची व्यावसायिक एसएमएसची नोंदणी व्यवस्था किंवा कंपनीचा फिल्टर त्याला अडवू शकत नाही. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये २जी बंद करायचं बटण सिममधल्या सेटिंगमध्ये आलं आहे. तुमच्या हिशेबनिसाचा आणि बँकेचे ओटीपी ज्या फोनवर येतात त्याचा २जी आज बंद करा. जिथे फक्त २जीचीच रेंज आहे त्या गावात तो चालू ठेवावा लागेल, हे लक्षात असू द्या.

एअरटेलने ३जी २०२० च्या सुमारास गुंडाळलं, जिओकडे २जी-३जी कधी नव्हतंच. २जी बंद करायची तारीख मात्र भारत सरकारने ठरवलेली नाही. कोट्यवधी साधे फोन त्यावर आहेत, आणि ते गरिबांचे आहेत, त्यामुळे घाईने बंद करू नये हेच बरोबर. पण तुम्ही नवीन काही घेताना २जीवरचं घेऊ नका. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ३जी बंद केलं तेव्हा एक भलतीच अडचण पुढे आली. काही फोन रोजचे कॉल ४जीवर करायचे, पण आणीबाणीचा नंबर लावताना मात्र ३जीच शोधायचे. असे फोन तिथल्या कंपन्यांना नेटवर्कवरून काढावे लागले. एखादी पिढी बंद झाली की तिच्यावर गुपचूप काय उभं होतं ते असं नंतर कळतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ५जीचा. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ते सुरू झालं. पण ५जी म्हणून जे मिळतं ते दोन प्रकारचं असतं, आणि हा फरक विक्रेता सांगत नाही. एका प्रकारात टॉवरवरचा रेडिओ ५जीचा, पण मागचा मेंदू, म्हणजे कोअर, ४जीचाच असतो. त्याला नॉन-स्टँडअलोन म्हणतात. दुसऱ्यात दोन्ही ५जीचे, ते स्टँडअलोन. जिओने सुरुवातीपासून स्टँडअलोन उभारलं, एअरटेलने नॉन-स्टँडअलोनपासून सुरुवात केली.

सुरक्षेच्या दृष्टीने फरक असा. प्रत्येक सिमला एक कायमची ओळख असते. २जीपासून ४जीपर्यंत काही प्रसंगी ती उघडी हवेत जाते, आणि तिच्यावरून माणूस कुठे आहे याचा माग काढता येतो. ५जी स्टँडअलोनमध्ये सिम ती ओळख कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद करूनच पाठवू शकतं. त्यासाठी सिममध्ये ती किल्ली हवी आणि कंपनीने सोय चालू केलेली हवी. नॉन-स्टँडअलोनमध्ये कोअरच ४जीचा, त्यामुळे ही सोय नाही. फोनवर ‘५जी’ ही अक्षरं दोन्हीकडे सारखीच दिसतात. म्हणून कंपनीच्या माणसाला लेखी विचारा: कनेक्शन स्टँडअलोनवर आहे का, आणि सिमची ओळख झाकण्याची सोय चालू आहे का? दुकानातल्या मुलाला उत्तर येणार नाही. कंपन्यांकडे उद्योगांसाठी वेगळा विभाग असतो, त्यांना ईमेल करा.

परदेशी रोमिंग आणि जुन्या नेटवर्कशी बोलणं अजून एसएस७ आणि डायमीटर या जुन्या भाषांतून चालतं. एसएस७ बनली तेव्हा जगातल्या टेलिफोन कंपन्या मोजक्या होत्या आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास होता, त्यामुळे निरोप पाठवणारा खरा आहे का हे तपासायची सोयच त्यात ठेवली नाही. २०१७ साली जर्मनीत चोरांनी याच वाटेने बँकांचे एसएमएस ओटीपी दुसरीकडे वळवून खाती रिकामी केली. ५जीत रोमिंगच्या वेशीवर पहारेकरी बसवला आहे. पण समोरचा देश ५जी बोलत नसेल तर गाडी पुन्हा जुन्या वाटेनेच जाते. तुमचं चालू खातं आणि निर्यातीची रक्कम जिथे येते त्या बँकेत एसएमएस ओटीपीऐवजी अॅप किंवा टोकनची सोय असेल तर तीच घ्या.

याहून मोठा बदल डोळ्यांना दिसत नाही. जुन्या एक्स्चेंजमध्ये कपाटंच्या कपाटं खास टेलिफोनसाठी बनवलेली असायची. ५जीचा कोअर म्हणजे साध्या सर्व्हरांवर चालणारं सॉफ्टवेअर, आणि त्याचे भाग एकमेकांशी वेबसाइटसारख्याच भाषेत बोलतात. त्यामुळे दुरुस्ती पटकन होते, नवीन सोयी पटकन येतात, आणि बाकी संगणकांना लागणारे रोगही लागतात. १२ डिसेंबर २०२३ ला युक्रेनच्या कीवस्टार या मोबाइल कंपनीवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोरांनी हजारो आभासी सर्व्हर पुसून टाकले आणि सुमारे २.४ कोटी ग्राहकांचे फोन बंद पडले. एकही टॉवर पाडावा लागला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियाच्या एसके टेलिकॉमच्या ग्राहकांच्या सिमची माहिती ज्या सर्व्हरांत असते तिथून ती चोरीला गेली, आणि कंपनीला दोन कोटींहून जास्त ग्राहकांना सिम फुकट बदलून द्यायची तयारी करावी लागली. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स या टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कमध्ये तर हल्लाही नव्हता, दुरुस्ती करताना एका फिल्टरची ओळ निघाली आणि देशभर फोन, इंटरनेट, कार्डाने पैसे देणं, आणीबाणीचा नंबर, सगळं एकत्र थांबलं.

तुमच्यासाठी यातून निघणारं काम एकच: दोन वेगळ्या वाटा. दोन कंपन्यांची सिमं घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या असं नाही. आपल्याकडे एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची अँटेना असते, आणि बऱ्याचदा त्यांची फायबर एकाच नळीतून जाते. रस्ता खोदताना जेसीबीचं एक पातं लागलं की सगळ्यांचं एकदम जातं. सोलापुरात रस्त्याची खोदाई कशी चालते हे आपण रोज बघतो. खोदण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅप आणलं. तुमच्या आवाराबाहेर खोदकाम सुरू झालं तर ठेकेदाराला ते दाखवा. मुख्य लाइन फायबरची घ्या, राखीव लाइन दुसऱ्या कंपनीची आणि हवेतून येणारी घ्या, आणि ‘तुमचा टॉवर मागे कोणत्या रस्त्याने जोडलाय’ हे विचारूनच घ्या.

टॉवरचा विषय निघालाच आहे तर एकदा जवळून बघा. तुमच्या शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर खांब असेल. वर चपटी रुंद पेटी दिसते ती ५जीची अँटेना, तिच्यातच रेडिओ असतो. खाली लोखंडी कपाटात सिग्नलचा हिशेब करणारं बेसबँड, विजेचं डीसी करणारा रेक्टिफायर आणि लिथियमच्या बॅटऱ्या. कपाटावर एक बोटभर जाडीची, मशरूमसारख्या टोपीची छोटी अँटेना असते, ती जीपीएसची. नकाशासाठी नाही, वेळेसाठी. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं, म्हणून शेजारच्या सगळ्या टॉवरांची घड्याळं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात, दीड मायक्रोसेकंदाच्या आत, जुळावी लागतात. जीपीएस जॅमर लावून फिरणारी एखादी गाडी आसपास उभी राहिली तरी याला त्रास होतो. आणि हे कपाट अनेक गच्च्यांवर एका साध्या कुलपावर असतं. बॅटऱ्या आणि रेडिओ चोरीला जातात ही देशभरातली खरी डोकेदुखी आहे. गच्ची तुमची असेल तर ती उघडी ठेवू नका आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणालाही वर सोडू नका. टॉवरपासून कोअरपर्यंतचा दुवा कुलूपबंद ठेवणं मात्र कंपनीचं काम, ते तुमच्या हातात नाही.

आता नियम. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या जागी डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार कायदा, २०२३ आला. तोही एकदम लागू झाला नाही, काही कलमं जून आणि जुलै २०२४ पासून, बाकी टप्प्याटप्प्याने. म्हणजे कायद्यातही जुनं-नवं सध्या एकत्रच नांदतंय. कंपन्यांवर जे ओझं आहे ते असं: २१ नोव्हेंबर २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनुसार सुरक्षेची घटना कळल्यापासून ६ तासांत सरकारला कळवायचं, २४ तासांत तपशील द्यायचा, आणि सुरक्षेसाठी एक जबाबदार मुख्य अधिकारी नेमायचा. १५ जून २०२१ पासून कंपन्यांनी नेटवर्कमध्ये नवीन उपकरण जोडायचं तर ते सरकारने विश्वासार्ह ठरवलेल्या पुरवठादाराचंच हवं. पण आधीपासून बसवलेली उपकरणं उपसून काढायची सक्ती त्यात नाही. ब्रिटनने ह्युवावे या चिनी कंपनीची उपकरणं ५जीतून २०२७ अखेरपर्यंत काढायला सांगितली, अमेरिकेने काढण्यासाठी छोट्या कंपन्यांना सरकारी पैसा दिला. आपण नवीन येणाऱ्यावर दार लावलं आणि आतलं वय होईपर्यंत चालू दिलं. खर्चाच्या बाजूने ते समजण्यासारखं आहे. सुरक्षेच्या बाजूने मला ते अपुरं वाटतं, निदान कोअरमधल्या उपकरणांना तरी शेवटची तारीख हवी होती. २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशी बनावटीच्या तंत्रावर बीएसएनएलचं ४जी सुरू झालं, त्याचं मोल मी या अर्थाने मोठं मानतो. आतलं सॉफ्टवेअर उघडून बघता येणारी माणसं देशात आहेत.

एक उणीव तुम्हाला थेट भिडणारी. कंपनीने ६ तासांत सरकारला कळवायचं, पण ग्राहकाला आपोआप कळवायची सक्ती या नियमांत नाही. सरकारला गरज वाटली तर जाहीर होईल. आणि जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या सेवा दर्जा नियमांत भरपाई आहे, पण ती भाड्यात सूट किंवा वैधता वाढवून देण्यापुरती. कंटेनर थांबला, एलसीची, म्हणजे बँकेच्या पतपत्राची, मुदत चुकली, त्याचं नुकसान त्यात नाही. ते हवं असेल तर कंपनीशी करार करताना लेखी घालावं लागतं. फायबरची इंटरनेट लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन, घेतलीत तर असा करार मागायला जागा असते, साध्या घरगुती प्लॅनवर मिळणार नाही.

तुमच्यावर काय येतं? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश तुम्हालाही लागू आहेत, फक्त टेलिकॉम कंपन्यांना नाही. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आलं, सर्व्हरमध्ये कुणी शिरलं, तर ६ तासांत कळवायचं, १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रांत कोण कधी काय करून गेलं त्याच्या नोंदी, जपायचे, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायची. आपल्या भागातल्या बहुतेक कारखानदारांना हे माहीतच नाही. फायरवॉल घेताना लॉग किती दिवस राहतात हे विचारून घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांत थोडेच दिवस राहतात. कामगारांचे अंगठे हजेरी मशिनमध्ये असतील तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ लागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना मुदत दिलीय. त्या मुदतीत अंगठ्यांचा साठा कुठल्या क्लाउडवर जातो तेवढं तरी विक्रेत्याकडून लेखी घ्या.

‘स्वतःच्या ५जी’बद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला ते नको. सरकारने जून २०२२ मध्ये उद्योगांसाठी खासगी नेटवर्कची मार्गदर्शक तत्त्वं आणली. ते नेटवर्क मोबाइल कंपनीकडून उभारून घेता येतं किंवा वेगळा परवाना काढून स्वतः चालवता येतं, पण ते सार्वजनिक टेलिफोन नेटवर्कला जोडता येत नाही. बंदर, खाण, स्टील प्लांट अशा पसरलेल्या जागी त्याचा उपयोग आहे. तुमच्या शेडमध्ये रॅपियर माग जागच्या जागी उभे आहेत. मागांचे फेरे आणि थांबण्याची कारणं मोजायची तर केबल ओढा, आणि जिथे केबल जात नाही तिथे वाय-फाय. दमट हवा आणि कापसाचा धुरळा यासाठी बंद पेटीतलं स्विच घ्या, आणि मागांचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा. एवढ्यावर तुमचं काम भागतं. प्रस्ताव देणारा विक्रेता परवाना कुणाच्या नावावर याचं उत्तर टाळत असेल तर तिथेच थांबा. आणखी एक: पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येत नाही म्हणून बाजारात मिळणारा बूस्टर लावू नका. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे आणि आसपासच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये अडथळा आणतं. रेंजची तक्रार कंपनीकडे करा, फायबर आहे तर वाय-फायवरून कॉल करा.

एका गोष्टीवर मात्र मला जरा कळकळीने बोलायचं आहे. मागांच्या, टेम्पोच्या, कॅमेऱ्यांच्या सिमसाठी कामगारांचं आधार घेऊन त्यांच्या नावावर सिम काढायची सवय आपल्याकडे आहे. विडी घरकुलातल्या बाईच्या नावावर कारखान्याच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं सिम, हे मी बघितलं आहे. तिला ते माहीतही नव्हतं. नव्या कायद्यात एका माणसाच्या नावावर ९ पेक्षा जास्त सिमं निघाली तर पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत आणि पुढे २ लाखांपर्यंत दंड आहे, आणि फसवून सिम काढलं तर ३ वर्षांपर्यंत कैद. ते सिम कुठल्या गुन्ह्यात सापडलं तर पोलीस नाव असलेल्याच्या दारात जाणार. तिने वकील कुठून आणायचा? कंपनीच्या नावावर बिझनेस कनेक्शन घ्या. त्यात वापरणाऱ्या प्रत्येक माणसाची ओळख नोंदवावी लागते, त्रास आहे, पण तो तुम्ही घ्यायचा आहे. मशिनसाठी १३ अंकी नंबरची एम२एम (मशिन-टू-मशिन) सिमं वेगळी मिळतात, त्यांवर बोलणं आणि एसएमएस ठरावीक नंबरांपुरते बांधता येतात, म्हणून चोरीला गेली तरी उपयोग कमी. आणि कामगारांना जेवणाच्या सुट्टीत संचार साथी पोर्टल उघडून दाखवा, आपल्या नावावर किती सिमं आहेत ते तिथे दिसतं आणि अनोळखी सिमची तक्रार करता येते. तेलुगू वाचणाऱ्यांना तेलुगूत समजावणारा कुणीतरी बसवा.

खरेदीदाराच्या प्रश्नावलीकडे येतो. तिला घाबरू नका, आणि सगळ्या रकान्यांत ‘होय’ लिहू नका. तुम्ही जे केलं नाही ते केलं म्हणून लिहिलं आणि पुढे घटना घडली तर करारभंग तुमच्या गळ्यात पडतो. वर सांगितलेली यादी पूर्ण झाली की निम्म्या प्रश्नांची उत्तरं तयार होतात: बाहेर जाणाऱ्या वाटा किती, राखीव वाट कोणती, लॉग किती दिवस, घटना घडली तर कोण कुणाला किती तासांत कळवणार, मागांचं नेटवर्क वेगळं आहे का. उरलेल्या रकान्यांत ‘अमुक महिन्यापर्यंत करणार’ असं लिहा आणि तारीख पाळा. युरोपातले खरेदीदार अशी प्रामाणिक मुदत स्वीकारतात, हा माझा अनुभव आहे. ‘टेलिकॉम पुरवठादाराने घटना घडल्यास तुम्हाला कळवायचं बंधन आहे का’ असा प्रश्न असेल तर तिथे टेलिफोन कंपनीकडून लेखी घेतलेलं उत्तर जोडा. त्यासाठी फायबरच्या अर्जावर सही करायच्या आधीच त्यांना ईमेल पाठवा, सही झाल्यावर कंपन्या अशा ईमेलना उत्तर द्यायला फार वेळ लावतात.